एकही खूण नाही

त्या वर्षी मोहरी वेळेआधी पिकली आणि नेमका तेव्हाच माझा नवरा वाकायचा बंद झाला. डिसेंबरात जगदेवरावांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. तीन महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी दम देऊन सांगितलं होतं. आमची जमीन सहा बिघे. यांच्या पणजोबांना फौजेतल्या चाकरीपायी याहून खूप जास्त मिळाली होती, वाटण्या होत होत उरली ती एवढी. ग्वाल्हेरहून डबऱ्याच्या रस्त्यानं टेम्पो सव्वा तास घेतो, तिथे आमचं गाव. गावात मराठी बोलणारं घर आमचं एकटंच. आम्ही दोघं आपसात मराठी बोलतो आणि म्हशीशी हिंदी, कारण मराठीत सांगितलं तर ती दूध चोरते.

मजूर मिळेना. गावातले सगळे धडधाकट हात मोठ्या सडकेच्या कामाला लागले होते. जगदेवराव रोज सकाळी मोबाइल उघडून ढगांचं चित्र बघायचे.

"अगं ऐक, गुरुवारनंतर गारांचं सांगून राहिलेत. भिंडकडे पडल्या पण."

"मग काय करू? आभाळाला कुलूप लावू?"

"मी फक्त सांगितलं," ते म्हणायचे आणि पोटाच्या पट्ट्यावरून हात फिरवायचे. बावन्न वर्षांचा उंचापुरा माणूस, पण बायकोनं उचललेली पाण्याची बादली नजर चुकवून बघायचा. मला त्यांची कीव यायची आणि चीडही यायची.

मी गावच्या शाळेत सातवीला शिकवते. माझं नाव सुधा, पण गावात मला सगळे मैडमच म्हणतात. मुलांवर मी कधी हात उचलत नाही. मी चिमटे काढते. उशिरा आलेल्याला विचारते, "बारात लेट थी क्या?" झोपलेल्याच्या कानाशी जाऊन सुप्रभात म्हणते. वर्ग खदखदून हसतो. एकोणीस वर्षं मी हेच करत आले आणि हसणारा वर्ग म्हणजे सुखी वर्ग, असं मला मनापासून वाटत आलं.

जानेवारीच्या शेवटी लष्करहून, म्हणजे ग्वाल्हेरच्या जुन्या बाजारपेठेच्या भागातून, एक मुलगी शाळेत आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल. अवंतिका तिचं नाव, घर दौलतगंजात, जिल्ह्यानं नेमलेली शाळेची मानसतज्ज्ञ. मी मराठी आहे कळल्यावर ती आधी हसली आणि मग घरच्यासारखी बोलायला लागली.

"सुधाताई, आतापर्यंत मला बोलावणं कधी यायचं माहितीये? कुणी घरून पळालं, कुणी हात कापून घेतला, तेव्हा. मी जायची, रजिस्टरमध्ये लिहायची, परत यायची. होऊन गेल्यावर जाऊन काय फायदा यार? आता ठरलं आहे की आधीच जायचं. काही व्हायच्या आधी."

"किती शाळा आहेत तुझ्याकडे?"

"चौसष्ट. आणि मी एकटी. म्हणून तुमचे डोळे पाहिजेत."

प्रत्येक मुलामागे एक कागद होता. त्यावर पंधरा प्रश्न. मूल अचानक गप्प झालं आहे का? वर्गात पेंगतं का? त्याला कुणी चिडवतं का? पुढे हो किंवा नाही, आणि जिथे हो असेल तिथे लाल पेनानं खूण. ज्या वर्गात खुणा असतील तिथे ती आधी येणार होती. फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारपर्यंत कागद तालुक्याला पोचवायचे होते.

ती गेल्यावर आमचे बडे सर, म्हणजे मुख्याध्यापक संग्रामसिंह, माझ्या टेबलापाशी आले. "मैडम, सब ठीक है लिख दीजिए. एक नाम ऊपर गया तो जाँच आएगी, फिर रोज़ एक गाड़ी दरवाज़े पर खड़ी मिलेगी."

"मैं तो सच लिखूँगी, सर," मी म्हटलं. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगते. कटाईच्या दिवसांत शाळेच्या मुली मैडमच्या शेतात येतात. कुणी बोलावलं असं कुणी म्हणत नाही. मी वर्गात फळा पुसता पुसता एवढंच म्हणते, "हमारी सरसों तो इस साल खड़ी की खड़ी रह गई." दुसऱ्या दिवशी उजाडताना पाच-सहा मुली हँसिया, म्हणजे विळे, घेऊन बांधावर उभ्या असतात. त्यांना चहा आणि गुळाचा खडा मिळतो, जाताना चुलीसाठी काड्यांचा भारा मिळतो. आईबाप खूश असतात, मैडमच्या घरी मुलगी गेली म्हणजे मुलीचं भलंच होईल असं त्यांना वाटतं. माझ्या आधीच्या मैडमही हेच करायच्या. याला काम म्हणायचं असतं हे मला कधी सुचलंच नाही. खरं सांगायचं तर मी सुचू दिलं नाही.

त्या गुरुवारी सगळ्यात आधी गरिमा आली. बारा वर्षांची, अंगानं काटकुळी, पण हाताला वेग असलेली. तिची आई श्रावणात तीन दिवसांच्या तापानं गेली होती. घरात बाप कल्याण आणि दोन धाकटे भाऊ. भाकरी-पाणी, गोवऱ्या, झाडलोट सगळं तिच्याकडे. पूर्वी वर्गात सगळ्यात आधी हात वर करायची ती. दिवाळीनंतर हात वर जायचा थांबला आणि डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली दिसायला लागली. मी म्हटलं, थंडी असेल.

मोहरी दवात कापावी लागते. ऊन चढलं की शेंगा हात लागताच फुटतात आणि दाणा मातीत जातो. म्हणून आम्ही साडेपाचला सुरुवात करायचो. दवानं बाह्या कोपरापर्यंत भिजायच्या, बोटं गारठून विळ्याच्या मुठीवरच आखडायची. कापलेल्या ताटांचे खुंट तिरपे, टणक राहतात, चुकून पाय पडला की घोट्याला रक्त. नऊपर्यंत सगळ्यांच्या मानेला खाज सुटलेली असायची. मग मुली हातपाय धुऊन दफ्तर घ्यायच्या आणि साडेदहाला माझ्याच वर्गात येऊन बसायच्या. पहिल्या तासाला त्या पेंगत. त्यांना मी उठवलं नाही, तेवढी लाज मला होती.

जगदेवराव बांधावर खाट टाकून बसायचे. "ती पेंढी उलटी ठेवली, शेंगा वर करा बेटा," असं काहीबाही सांगत राहायचे. कुणी त्यांचं ऐकत नव्हतं. मीच एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "आप तो बस हुकुम चलाइए, पेशवा सरकार." मुली हसल्या. ते उठून खाटेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

शनिवारी उत्तरेकडून ढग आले. तीन बिघे अजून उभे होते. आम्ही मान वर न करता कापत होतो. गरिमा माझ्या शेजारच्या ओळीत होती. वाकून पुढे सरकताना तिच्या ओढणीचं टोक एका ताटात अडकलं आणि ती तशीच पुढे गेली. ओढणी मागे राहिली.

उजव्या कानाच्या वर तळहाताएवढ्या जागेत एकही केस नव्हता. फिकट, उघडी कातडी, आणि तिच्यावर लाल बारीक ठिपके. कडेला अर्धा-अर्धा इंच वाढलेले खुंट. सगळ्यांचे विळे थांबले.

मला तिच्याजवळ जाता आलं असतं. ओढणी उचलून तिच्या डोक्यावर टाकता आली असती. पण माझी जीभ माझ्या आधी चालते.

"काहे री गरिमा, चूहे कुतर गए का?"

मुली हसल्या. एक तर कमरेवर हात ठेवून हसली. गरिमापण हसली. कित्येक महिन्यांनी मला तिचे दात दिसले, आणि माझ्या मूर्ख मनात आलं की बरं झालं, पोरगी मोकळी झाली. तिनं ओढणी सोडवून घेतली, दोनदा गुंडाळून गाठ मारली आणि पुन्हा वाकली. त्या दिवशी तिनं बाकीच्यांच्या दुप्पट कापलं. चहाला ती आली नाही.

रात्री घरी जेवताना जगदेवरावांनी ताटातून वर न बघता म्हटलं, "उंदीर नाही कुरतडून राहिले. ती स्वतः उपटते."

"काय?"

"केस. मी खाटेवर बसून तीन दिवस बघून राहिलो आहे. जरा बसली की ओढणीच्या आत हात जातो. एक-एक करून काढते. बघते आणि मातीत टाकते."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगायला तुझ्यापुढे कोण तोंड उघडेल? तू माझापण पेशवा करून टाकला."

भात तसाच टाकून मी उठले.

रविवारी मुली आल्या, गरिमा नाही. उरलेली मोहरी आम्ही अकरापर्यंत पाडली आणि गंजीवर ताडपत्री ओढली. गारा आमच्या गावावर पडल्याच नाहीत, चार थेंब आले आणि ढग पुढे निघून गेले. मुली गेल्यावर मी बांधावर बसून कागद भरायला घेतले. एकेचाळीस कागद आणि दुसऱ्या दिवशी सोमवार. हात मोहरीच्या चिकानं हिरवे झालेले, पाठ मोडलेली. पहिले पाच-सहा मी नीट वाचून भरले. मग एकेका मुलाचं नाव लिहायची आणि "नाही"च्या रकान्यात वरून खालपर्यंत टिका मारत सुटायची. टिका सुरेख येत होत्या, माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं आहे.

गरिमाचा कागद सव्विसावा होता. तिथे पेन आपोआप हळू झालं. मूल अचानक गप्प झालं आहे का? पेंगतं का? त्याला कुणी चिडवतं का? स्वतःच्या शरीराला इजा करतं का? मी काही आंधळी नव्हते. शिवाय आदल्या दिवशी मला सांगणाराही भेटला होता. लाल पेन पर्समध्ये होतं. मी ते बाहेर काढलंसुद्धा.

मग मी पुढचा विचार केला. खूण केली की अवंतिका येणार. विचारणार, तुम्ही हे कुठे बघितलं ताई? शेतात. तुमच्या शेतात सातवीची मुलगी काय करत होती? आणखी कोण कोण होतं? मग बडे सर, मग तालुका. शिवाय पोरगी तोंड उघडणार आणि उंदरांची गोष्ट सांगणार. मी स्वतःला समजावलं की आई गेली की मुली असं करतात, वर्षभरात केस येतील, खोबरेल तेल देऊ. मी लाल पेन परत ठेवलं आणि निळ्यानं पंधराही ठिकाणी "नाही" केलं. हे थकव्यानं झालं नाही. त्या एका कागदाला मी चांगली जागी होते.

सोमवारी गरिमा शाळेत नव्हती. मंगळवारीही नव्हती. गुरुवारी तिच्या बाकावर कुणीतरी खडूनं मोठी शेपटी असलेला उंदीर काढला होता आणि खाली लिहिलं होतं, चुहिया. मी तो ओल्या फडक्यानं पुसला. वर्ग माझ्याकडे बघून हसला, कारण हसायचं कशाला हे त्यांना मीच शिकवलं होतं. मी रागावून बघितलं, तर त्यांना वाटलं हाही गमतीचाच भाग आहे.

तिच्या घरी जायचं मी रोज ठरवायची. घर शाळेमागेच, पाच मिनिटांवर. मोहरी झोडायची आहे म्हणून नाही गेले, मग ऊन आहे म्हणून, मग प्रश्नपत्रिका आल्या म्हणून. हजेरीत तिच्या नावापुढे रोज गैरहजेरी मांडायची आणि पुढचं नाव घेतलं की मला बरं वाटायचं. ते बरं वाटणं आठवलं की आज स्वतःची किळस येते.

तीन आठवड्यांनी लष्करला महाराज बाड्याजवळच्या सभागृहात सगळ्या तालुक्यातल्या शिक्षकांची बैठक झाली. अख्ख्या तालुक्यात वेळेवर, पूर्ण आणि खाडाखोड नसलेले कागद एकट्या माझ्या वर्गाचे होते. एकेचाळीस मुलं, एकही खूण नाही. तालुक्याच्या साहेबांनी ते दोन्ही हातांनी उंच धरून दाखवले. मला मंचावर बोलावून श्रीफळ दिलं आणि दोन शब्द बोला म्हणाले. मी माइकपाशी गेले. खाली दोनशे माणसं बसली होती. संग्रामसिंह पहिल्या रांगेत मिशीवर बोट फिरवत होते.

"कुछ ख़ास नहीं करती," मी म्हटलं, "बस बच्चों को हँसाकर रखती हूँ."

टाळ्या पडल्या. मी नारळ पदराआड धरून खाली उतरले.

अवंतिका दाराशी उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. "चला ताई, चहा घेऊ," एवढंच म्हणाली. पाटणकर बाजारात एका दुकानासमोरच्या बाकावर आम्ही बसलो. समोरून ऑटो हॉर्न मारत जात होते. ती डोळ्यांखाली काळी पडली होती, जानेवारीपेक्षा बारीक दिसत होती.

"इतक्या नीट फॉर्मवर मला शंका आलीच होती," ती म्हणाली. "एकेचाळीस मुलं आणि कुणालाच काही नाही, असं होत नाही ना. पण जिथे लाल खुणा आहेत तिथेच मी पुरी पडत नाही. अठ्ठावीस शाळा झाल्या. तुमच्याकडे यायला मे उजाडला असता."

मग मी सांगितलं. आधी फक्त केसांचं सांगितलं. मग हँसियाचं, खाटेवरून बघणाऱ्या नवऱ्याचं, लाल पेनाचं. उंदरांचं वाक्य सगळ्यात शेवटी निघालं आणि ते हिंदीत निघालं, जसं बोलले होते तसंच्या तसं. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"किती दिवस झाले शाळेत आली नाही?"

"सतरा शाळेचे दिवस."

"आणि परीक्षा?"

"आठ दिवसांवर."

तिनं पर्समधून डायरी काढली, उद्याच्या पानावरची दोन नावं खोडली आणि वर गरिमाचं नाव लिहिलं. "ही दोन मुलं आता परवावर गेली," ती म्हणाली. "ती कोण आहेत ते तुम्हाला नाही सांगत ताई. उद्या सकाळी सातला येते. तुम्ही सोबत यायचं."

"मी? मला बघून ती घाबरेल."

"येणारच तुम्ही. तिला जे बोलल्या ते सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. निदान तिच्यासमोर तर उभ्या राहा."

घरी गेल्यावर मी जगदेवरावांना सगळं सांगितलं. त्यांनी नारळाकडे बघितलं आणि फोडू का असंही विचारलं नाही. सकाळी त्यांनी म्हशीचं सगळं स्वतः केलं, मी नको म्हणत असताना, एका हातानं पोट धरून.

सातला अवंतिका स्कूटीवरून आली. कल्याणच्या घरापुढे हातपंप आहे, तिथे तो दात घासत होता. मला बघून त्यानं घाईघाईनं चूळ भरली आणि गमछ्यानं तोंड पुसलं.

"अरे मैडम जी, आप काहे कूँ आईं? खबर भेज देतीं, लड़की पहुँच जाती."

"कल्याण, ये स्कूल क्यों नहीं आ रही?"

"अब का बताएँ. बच्चा चिढ़ाते हैं. कहती है नाय जाऊँगी. हमने कही, मत जा. घर में काम है ही." तो माझ्याकडे मोकळ्या चेहऱ्यानं बघत होता. त्या चुहिया नावाची सुरुवात कुठून झाली हे तिनं बापाला सांगितलं नव्हतं.

गरिमा भिंतीशी बसून गोवऱ्या थापत होती. ओढणी आता दोन्ही कानांवरून, भुवयांपर्यंत ओढलेली. डाव्या भुवईचा अर्धा भाग गेलेला होता. हे नवीन होतं. हे गेल्या तीन आठवड्यांतलं होतं, मी घरी न गेलेल्या दिवसांतलं.

तिनं मला बघितलं. अवंतिकाकडे तिचं लक्षही गेलं नाही. ती लगेच उठली, बादलीत शेणाचे हात धुतले, कुडत्याला पुसले आणि ओढणीची गाठ आणखी आवळली. मग टाचा उंचावून तिनं छपराच्या वळचणीतून हँसिया ओढून काढला.

"गेहूँ तो अभै हरो है, मैडम," ती खाली बघत म्हणाली. "कौन से खेत में चलनो है?"

"काम नहीं है, बेटा," मी म्हटलं. "काम के लिए नहीं आई. माफ़ी माँगने आई हूँ. उस दिन जो मैंने कहा, वो बहुत ग़लत कहा."

तिनं एकदा बापाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मैडमनं माफी मागायची म्हणजे काय, ते तिला समजलं नाही. पण मैडमला हसू हवं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती हसली, शेतात हसली होती तशीच, सगळे दात दाखवून. अवंतिका चपला काढून अंगणाच्या मातीत बसली आणि तिला बस म्हणाली. ती बसली नाही. हँसिया हातात धरून, मी पुढे चालायला लागायची वाट बघत ती तशीच उभी राहिली.